मालकांची सही

मुखेड
९ फेब्रुवारी २०२४

उमावन्स, शरणार्थ.

हे पत्र तुमच्या घरी न पाठवता दवाखान्याच्या पत्त्यावर टाकते आहे. फोन लावून बघितला, पण दरवेळी तुमचे अण्णाराव भावजीच उचलतात आणि "ती ड्यूटीवर हाय" म्हणून ठेवून देतात. भावजय बोलते म्हटल्यावर आवाजच बदलतो त्यांचा. म्हणून नर्सबाईंच्या नावाने पत्र. कुणी फोडणार नाही असं धरून चालते.

चार वर्षं झाली आपण बोललो नाही. आमच्या ओट्यावर उभं राहून तुम्ही जे बोलून गेलात, ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. बाई घाण्यावर मालकीण होऊन बसली म्हणून माझा भाऊ घराबाहेर पडला, असं म्हणालात. त्यातलं काही आज मी काढणार नाही. काम आहे म्हणून लिहिते.

तुमच्या आई बऱ्या आहेत. डोळ्याला कमी दिसतं, पण चालतं-फिरतं माणूस आहे. दर चार दिवसांनी विचारतात, लातूरकडून कुणी आलं का म्हणून.

काम असं, की मला तुमच्या भावाची सही पाहिजे.

घाणा चालू आहे वन्स. नांदेडच्या एका दुकानात आपलं करडईचं तेल जातं, मुखेडच्या बाजारात जातं, पेंड म्हशीवाले घरून नेतात. पण करडई मोंढ्यात विकायला येते ती आत्ता. आत्तापासून पाडव्यापर्यंत ज्यानं माल भरून घेतला, तोच वर्षभर घाणा चालवू शकतो. मी दरसाल हाताला येईल तेवढी घेते आणि श्रावण लागला की घाणा थंड. नांदेडचा दुकानदार स्पष्ट बोलला, "मावशी, वर्षभर देणार असाल तर सांगा, न्हाई तर मी दुसरं बघतो." म्हणून बँकेत गेले.

बँकेतला साहेब चांगला आहे. पोरगेलासा आहे, खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालक काय करतात?"

मी म्हटलं, "घाण्याची मालक मीच आहे."

तो हसला. "तसं नाही हो ताई. तुमचे मिस्टर."

लातूरला असतात म्हटलं. मग सही करायला कधी येतात, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कर्ज मी घेणार, फेडणार मी, त्यांची सही कशाला? तर म्हणाला, "नियमात कुठं लिहिलेलं नाही. पण फाइल वर गेली की पहिलं तेच बघतात. लग्न झालेल्या बाईच्या मागे नवरा उभा नसला की फाइल परत येते." घटस्फोट झालाय का? नाही. सोडचिठ्ठीचा काही कागद? नाही. मग स्वतःचा चहा पीत पीत अगदी मायेनं म्हणाला, "विधवा असत्या ना ताई, तर दाखला जोडून काम झालं असतं."

घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी काय विचार केला तो तुम्हाला लिहीत नाही. तुम्ही बहीण आहात.

मोंढ्यात ईश्वरप्पांच्या आडतीवर पण जाऊन आले. मामंजींपासूनची ओळख. म्हटलं पोती द्या, तेल विकून दिवाळीच्या आत चुकते करते. ते मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "तुझा नवरा रामलिंग इथं असता तर इच्यारलं बी नसतं, पोती टाकून गेलो असतो. तुला काऊन देत न्हाई, सांगू का? उद्या पैसे अडकले तर म्या मागायला कुठं येऊ? तुझ्या दारात? एकट्या बाईच्या दारात मी दोनदा येऊन उभा राहिलो, तर तुझं बी नाव जातं अन् माझं बी."

माणूस वाईट नाही. म्हणूनच मी नमस्कार करून निघाले.

वन्स, मला तुमच्या भावाकडून पैसे नकोत. घरी राहायला या असंही म्हणत नाही. एक दिवस मुखेडला येऊन बँकेत सही करून परत जावं. त्यांचा नवा नंबर माझ्याजवळ नाही. तुमच्याजवळ आहे हे मला माहीत आहे.

तुमची
शिवकांता


मुखेड
२० फेब्रुवारी २०२४

उमावन्स, शरणार्थ.

तुमचं पत्र मिळालं. तीन ओळींचं. पण आलं. आईंना वाचून दाखवायला काही नव्हतं त्यात, म्हणून मी माझ्या मनाच्या दोन ओळी घालून वाचलं. उमा बरी आहे, तुमची आठवण काढते, असं. चूक केली असेल तर सांगा.

तुम्ही लिहिलंत, "आधी त्याची माफी माग, मग तो येईल." बरं. मागते. सोबत वेगळा कागद जोडला आहे, त्यांना द्या. माझं चुकलं असं लिहिलं आहे. आणखी काही लिहायला पाहिजे असलं तर तुम्ही सांगा, तसं लिहून पाठवते. पायावर डोकं ठेव म्हणाले तर लातूरला येऊन ठेवते. ह्या महिन्यात मला मान नाही वन्स. रोज मोंढ्यात जाऊन उभी राहते. करडईच्या राशी पडतात, लिलाव होतो, दुसरे घाणेवाले पोती भरून नेतात. सांडलेली करडई बायका झाडून गोळा करतात. काल मी पण केली. पदरात अर्धी पायली आली असेल. ईश्वरप्पांनी बघितलं आणि तोंड फिरवलं.

पण एक गोष्ट आता सांगणं भाग आहे, कारण बँकेतून ती तुमच्यापर्यंत कशी ना कशी जाणारच.

साहेबानं परवा कॉम्प्युटरमध्ये माझं नाव टाकलं. तिथे म्हणे लाल दाखवतं. ह्यांनी टेम्पो घेतला होता, आठवतो? तो कर्जाने घेतलेला होता आणि कर्ज माझ्या नावावर होतं. बाईच्या नावावर घेतलं की व्याज कमी बसतं, असं त्यांना फायनान्सवाल्यानं सांगितलं. मी विचारलं सुद्धा नाही. नवरा म्हणाला इथं सही कर, केली. आपल्यात कोण विचारतं? तुम्ही विचारता का भावजींना?

तो टेम्पो मी शेवटचा बघितला त्या वर्षीच्या पोळ्याला. नंतर कुठे गेला, मला माहीत नाही. हप्ते मात्र माझ्या नावानं थकले. निम्मे मी तेल विकून भरले, बाकीचे राहिले.

त्यानंतर त्यांना दुसरं कर्ज पाहिजे होतं, तेही माझ्याच नावावर. ती सही मी दिली नाही. त्या दिवशी काय झालं ते लिहीत नाही. डाव्या हाताची करंगळी अजून नीट मिटत नाही, तेवढं सांगते. दुसऱ्या दिवशी ते घर सोडून गेले आणि आठवड्यानं तुम्ही ओट्यावर आलात.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. माफीचा कागद जोडला आहेच. फक्त लवकर पाठवा त्यांना. माल संपत चालला.

तुमची
शिवकांता


मुखेड
२ मार्च २०२४

उमावन्स,

तुमचे भाऊ आले. तुम्ही समजावलं म्हणून आले, हे मी विसरणार नाही.

गुरुवारी सकाळी आले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. आई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. पावलाच्या आवाजावरूनच त्यांनी ओळखलं. हातातलं सूप पडलं. जवळ बसवून सगळं तोंड चाचपलं त्यांचं, दाढी केली का, गाल बसलेत का. दीपाली कॉलेजला निघाली होती. तिनं बापाकडे बघितलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि निघून गेली. शाळेत होती ती, त्यांनी सोडलं तेव्हा.

मग आम्ही बँकेत गेलो. वन्स, मला दारातून आत येताना बघून साहेब आजपर्यंत नुसती मान वर करायचा. परवा तो उभा राहिला. "या या, मालक आले का! आता फाइल पळती बघा." चहा सांगितला. इतक्या चकरा मारल्या मी तिथे, पाणी मिळालं होतं, चहा पहिल्यांदा.

सगळं मी सांगत होते, किती करडई, काय भाव, तेल किती पडतं. साहेब प्रश्न मला विचारायचा आणि उत्तर ऐकताना त्यांच्याकडे बघायचा. ते मान हलवायचे. मग साहेबानं त्यांचं नाव कॉम्प्युटरमध्ये टाकलं आणि खूश झाला. "एकदम कोरं हाय बघा. एक रुपयाचं कर्ज नाही आजवर."

तुमचे भाऊ म्हणाले, "म्या कधी काढलंच न्हाई साहेब. कर्जाची लई भीती वाटते मला."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चहाकडे बघून राहिले होते.

टेम्पो त्यांचा, लाल नाव माझं. हे तिथे कुणाला सांगू? साहेबाला सांगितलं तर म्हणेल, ताई, सही तुमचीच आहे ना?

मग साहेबानं तोड काढली. "ताईंच्या नावावर होणार नाही. असं करू, मुख्य अर्जदार रामलिंगराव, ताई सहकर्जदार. रक्कम रामलिंगरावांच्या खात्यावर पडेल."

मी म्हटलं, "माझ्या खात्यावर टाका."

"अहो ताई, नवराबायकोत काय तुझं-माझं?"

पेन माझ्या हातात दिलं होतं. त्यांनी त्यांची सही करून टाकली होती, झोकात, खाली रेघ ओढून. मला नाही झाली. म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा. साहेबाचा चेहरा उतरला. "इतके दिवस तुम्हीच मागे लागला होता." खरं आहे.

ते परत गेले नाहीत. घरीच आहेत. जेवले, झोपले. काल सकाळी घाण्यात जाऊन सगळं पुसून काढलं, घाण्याची लाकडी लाट फिरवून बघितली, आणि मला हाक मारली, "बघ गं, हात अजून इसरला न्हाई." आणि वन्स, खरं सांगते, एक घटकाभर मला बरं वाटलं. वाटलं, होईल सगळं. माणूस बदलतो. घाण्यापुढं दोघं मिळून उभे राहू, लोकांना दारात यायला लाज वाटणार नाही, ईश्वरप्पा पोती टाकून जातील.

तेवढ्यात ते म्हणाले, "पैसे आले की आधी एक काम हाय माझं लातूरला. मग करडई बघू."

मला विचारायला कुणी नाही. माझ्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, नवरा चालून दारात आलाय, पदरात घे, अजून काय पाहिजे तुला. शेजारच्या बायका हळदीकुंकू लावून गेल्या, जसं काही माझं पुन्हा लग्न झालंय. आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "म्या आई हाय त्याची. मला इच्यारू नको."

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही त्यांच्या जवळ राहिलात ही चार वर्षं. मी दिलं नाही ते तुम्ही दिलं असेल. तुम्हाला माहीत असणार. हे पत्र दीपालीच्या मैत्रिणीच्या हाती पाठवते आहे, ती लातूरला परीक्षेला निघाली आहे. उत्तर तिच्याचजवळ द्या.

एकच शब्द लिहा. सही करू की नको?

शिवकांता


मुखेड
१२ मार्च २०२४

उमावन्स,

"करू नको." हे तुम्ही दोनदा लिहिलंत आणि दुसऱ्यांदा पेन एवढं दाबलंत की कागद फाटला आहे.

बाकीचं पत्र मी किती वेळा वाचलं असेल, माहीत नाही. टेम्पो उदगीरच्या बाजूला विकला, आणि तुम्हाला सांगितलं की शिवकांताच्या भावानं हडप केला. मग धंद्याला म्हणून तुम्हाला पगारावर कर्ज काढायला लावलं. ते पैसेही गेले, आणि तुमच्या पगारातून अजून कापून जातात. आणि हे भावजींना कळलं तेव्हापासून तुमचं बँकेचं कार्ड त्यांच्या खिशात आहे, एसटीच्या तिकिटाला सुद्धा मागून घ्यावं लागतं.

मी तुमचा हेवा करत होते हो. खरंच. म्हणायची, उमावन्सचं काय, महिन्याच्या महिन्याला पगार, पांढरी साडी, बाई म्हणून सगळे उठून उभे राहतात. मनात होतं, हे सही करत नसतील तर तुम्हाला जामीन राहता का म्हणून विचारीन. सरकारी नोकरी आहे, तुमचं कुणीही ऐकेल. आता तुम्हीच लिहिता, की भावजींना विचारल्याशिवाय तुमची सही कुठं चालत नाही. दवाखान्यात जन्माच्या दाखल्यावर चालते, मेलेल्याच्या कागदावर चालते, फक्त स्वतःच्या पगारावर चालत नाही.

मी सही केली नाही. सोमवारी त्यांना सांगितलं, पैसे माझ्या खात्यावर येणार नसतील तर मला कर्ज नको. नुसतं जेवले आणि झोपले. मला वाटलं निभावलं.

मंगळवारी सकाळी घाण्याला कुलूप होतं. नवं, पितळी. आत माझे तेलाचे डबे, पेंड, सगळं. ते मोटारसायकलवर बसलेलेच होते, पाय खाली टेकून. म्हणाले, "कुलूप माझ्या बापाच्या जागेला लावलंय. तुझ्या बापाच्या न्हाई."

गल्ली जमली. कुणी पुढे आलं नाही. घरातलं भांडण आहे म्हणे.

तेव्हा तुमच्या आई बाहेर आल्या. भिंतीला हात लावत लावत. कुलपाला हात लावून बघितला त्यांनी, केवढं आहे ते.

"रामलिंग, ही जागा कुणाची रे?"

"बापाची."

"बाप तर गेला. मग कुणाची?"

"माझी."

"अन् म्या? म्या मेली का? तुझ्या बापाच्या मागं म्या अजून जिती हाय. किल्ली दे."

"आई, तू आत जा. तुला कळत न्हाई."

"मला दिसत न्हाई. कळतंय समदं."

त्यांनी किल्ली दिली नाही. गाडी चालू केली आणि निघून गेले. आई तशाच उभ्या. मग म्हणाल्या, "पहार आण."

मी आणि दीपालीनं कुलूप तोडलं वन्स. ते काही सिनेमातल्यासारखं एका घावात तुटत नाही. हात सोलले. दरवेळी आवाज झाला की आई विचारायच्या, तुटलं का? नाही म्हटलं की म्हणायच्या, "पुन्हा मार." कोयंडाच उचकटला शेवटी, कुलूप अजून तसंच धड आहे. दीपाली खाली बसून रडली. मी नाही रडले, कारण मला डबे मोजायचे होते.

हे तुमच्या आईबद्दल आहे म्हणून सविस्तर लिहिलं. ह्यावेळी पत्रात माझ्या मनाचं काही घातलेलं नाही.

शिवकांता


मुखेड
११ एप्रिल २०२४

उमावन्स,

पाडवा झाला. गुढी उभी केली, पण मधले पंधरा दिवस घाण्यात दिवा नव्हता. विजेचं मीटर त्यांच्या नावावर होतं, ते त्यांनी अर्ज देऊन बंद करून टाकलं. लाइनमन आला, तार काढली, "माफ करा मावशी, अर्ज मालकाचा हाय" म्हणाला आणि गेला.

नवीन मीटरसाठी आईंना घेऊन ऑफिसात गेले. तिथला माणूस आईंना म्हणतो, "आजी, मुलगा कुठंय? त्याला पाठवा." आई म्हणाल्या, "मुलानंच तोडलंय." त्याला हसू आलं आणि मग लाजही वाटली असावी, कारण अर्ज घेतला. आईंचा अंगठा, मामंजींच्या मृत्यूचा दाखला, घरपट्टी. तुमची वारस म्हणून संमती पण लागली, ती तुम्ही न विचारता सही करून पाठवलीत. भावजींना न सांगता. मला कळतं त्याला काय लागतं ते.

वीज आली. पण बँकेची फाइल परत आली. साहेबानं मला वाचून दाखवलं, कौटुंबिक पाठबळ नाही असं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं आहे. त्यालाही वाईट वाटलं असं वाटतं. म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." मी विचारलं, पुढच्या वर्षी काय बदलेल? त्यानं फाइल बंद करून बाजूला ठेवली.

तोवर मोंढ्यात करडई थोडी राहिली होती आणि भाव चढायला लागला होता. नांदेडच्या दुकानदारानं कंधारचं तेल सुरू केलं. फोन करून सांगितलं तरी त्यानं, तेवढा तरी भला.

मला रात्र रात्र... असो. ते लिहीत नाही.

मग मी मंगळसूत्र गहाण ठेवलं. एका गोष्टीला कुणाची सही लागत नाही वन्स, सोन्याला. माझं नाव लाल आहे का हिरवं, कुणी बघितलं नाही. काउंटरवरच्या पोरीनं वजन केलं, दगडावर घासलं, आणि अगदी सवयीनं विचारलं, "घरी मालकांना माहीत आहे ना?" मी म्हटलं, "त्यांनीच घातलंय." तिनं खाली मान घालून पावती फाडली. नवऱ्याच्या सहीवाचून बाईला कर्ज मिळतं ते नवऱ्याच्या नावाचं सोनं काढून दिल्यावर. रस्त्यानं येताना मला हसूच येत होतं, आणि मग एसटी स्टँडजवळ पानपट्टीच्या बाकावर बसून मी पावती पुन्हा वाचली.

पैसे घेऊन ईश्वरप्पांकडे गेले. नोटा मोजल्या आणि पोती काढायला हमाल बोलावले. "रोख हाय तर मग काय. बाई-बापई सारखंच." पाहिजे होती त्याच्या निम्मीच आली करडई. भाव चढला होता.

गळ्यात आईंनी काळ्या दोऱ्यात चार मणी ओवून दिले होते, ते मी घाण्यावर काम करताना काढून ठेवते, तेलात भरतात. परवा बाऱ्हाळी गावची एक जुनी गिऱ्हाईक बाई आली, वर्षभरानं. तिनं माझा गळा बघितला, हातातली बरणी खाली ठेवली आणि आईंच्या गळ्यात पडून रडायला लागली. कधी झालं, कसं झालं, तरणाताठा माणूस, आम्हाला कळवलं पण नाही.

आईंनी तिला बाजूला केलं. म्हणाल्या, "उठ बाई. जिता हाय त्यो. जिता हाय म्हणून तर हिचा गळा मोकळा हाय."

ती बाई तेल न घेताच गेली.

आई मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत. पोटचा पोर आहे त्यांचा. त्यांचं मला काय कळतं, काय कळत नाही.

दिवाळीच्या आत सोनं सुटलं नाही तर जाईल. माल मात्र श्रावणापलीकडे पुरायचा नाही. दीपाली पुढे शिकायला नांदेडच्या कॉलेजला जायचं म्हणायची, तिनं आता त्याचं नाव काढणं बंद केलं आहे. तिनं काय ठरवलंय ते मी विचारत नाही, कारण ती सांगेल याची मला भीती वाटते. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं. तुमच्याकडून काही पाहिजे म्हणून नाही.

शिवकांता


मुखेड
२८ एप्रिल २०२४

उमावन्स,

तुमचं पत्र आलं. घाण्यावरच वाचलं, उभ्याउभ्या.

तुम्ही भावजींकडे कार्ड मागितलंत. नुसतं मागितलंत, माझं आहे ते द्या म्हणून. आणि ते म्हणाले, कार्ड घे आणि भावाकडं नाही तर भावजयीकडं जा. तुम्ही लिहिलंय, की गाल सुजला म्हणून दोन दिवस मास्क लावून ड्यूटी केली. दवाखान्यात कुणी विचारलं नाही. विचारत नाहीतच. माझ्या बोटाचं तरी कुणी विचारलं?

पण कार्ड घेतलंत. नवीन खातं उघडलंत आणि पगार तिकडे वळवायचा अर्ज दिलात. नांदेड जिल्ह्यात बदलीसाठी पण लिहून दिलंत. ते कधी होईल देव जाणे.

तुम्ही लिहिता, "पुढच्या साली मी तुला जामीन राहते. मग बघू कुणाची फाइल परत येते." नको. मनापासून सांगते वन्स, मला जामीन नको. तुमच्या पगारातून आधीच एकाचं कापून जातं आहे. पगार हातात येऊ द्या, चार महिने तो तुमच्याच हातात राहू द्या. कशाला खर्चता, कुणाला विचारता, ते बघू द्या जरा स्वतःला. माझं मी बघते. कसं ते आज मला सांगता यायचं नाही. शेतकरी आपली करडई घेऊन गाळायला येतात, मजुरी आणि पेंड ठेवून घेते, त्यावर घर चाललं आहे. पुरत नाही. पण घाणा थांबला नाही.

रामलिंगचा पत्ता लागत नाही असं लिहिलंत. नाव लिहिलं मी त्यांचं, बघा. बँकेच्या कागदांवर इतक्या वेळा लिहिलं की आता काही वाटत नाही. त्यांनी जागेवर हिस्सा मागायला वकिलाकडं चक्कर मारली, असं इकडे कुणी बोललं. तसं झालं तर पुन्हा पहार काढावी लागेल, आणि ह्यावेळी ती कशाला मारायची ते मला माहीत नाही. भीती वाटते. लपवून काय उपयोग.

आणि तुम्ही सगळ्यात शेवटी, पान उलटून, बारीक अक्षरात विचारलंत, "चार दिवस रजा काढून मी आले, तर आई मला घरात घेईल का? तू घेशील का?"

त्या ओट्यावरून तुम्ही काय बोललात ते गल्लीला आठवतं, हे खरं आहे. लोक बघतील. बघू देत. त्यांनी मला कुलूप तोडताना बघितलंय, गळा मोकळा बघितलाय, आता तुम्हाला पिशवी घेऊन येताना बघतील. माझ्याकडे एक जास्तीची वाकळ आहे आणि भाकरीला कमी नाही. उन्हाच्या आत निघा. अहमदपूरवरून येणारी सकाळची गाडी धरा, दीपाली स्टँडवर येईल. तिनं तुम्हाला चार वर्षांत बघितलेलं नाही, गर्दीत चुकाल, म्हणून हातात काहीतरी धरून ठेवा. मास्क लावू नका.

आईंना सांगायचं नव्हतं, तुम्ही नक्की निघेपर्यंत. पण पत्र वाचताना माझा आवाज बदलला असावा. त्यांनी ओळखलं. सांगावंच लागलं, येणार आहे, पण अजून चार दिवस आहेत, गुरुवारी नाही तर शुक्रवारी.

तेव्हापासून त्या दारात बसून आहेत. ऊन अंगावर आलंय, आत या म्हटलं तरी येत नाहीत.

शिवकांता